बोंड्याची वाटी

सशाला दुखलं तर तो ओरडत नाही. कुत्रं केकाटतं, मांजर घर डोक्यावर घेतं, ससा मात्र कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि दातांवर दात घासतो. बारीक करकर ऐकू येते, तेवढीच. आमच्या घरात आम्ही तीन मोठी माणसं आहोत, कान सगळ्यांचे शाबूत आहेत, आणि तरी ती करकर कित्येक दिवस कुणाला ऐकू आली नाही. तुमच्या घरी ससा असेल आणि तो एकाएकी नको तिथे मुतायला लागला असेल, तर हे वाचा. मला कुणी वेळेवर सांगितलं नाही, म्हणून मी सांगते आहे. गोड लिहिता येणार नाही. तेवढी दया माझ्यात उरलेली नाही.

घमेलं

हिंगणघाटच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकानात अजून जुन्या पद्धतीची गादी आहे, पांढऱ्या खोळीची, आणि तिच्यावर माझे सासरे बसतात. मी त्यांना मामाजी म्हणते. सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेल्या. मामाजी, माझा नवरा प्रशांत आणि मी, एवढंच घर. प्रशांत दुकान सांभाळतो, मी एका जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. सकाळी जाते ती संध्याकाळीच परत येते. रविवारी दुकानात हात लावते.

शेजारच्या भाडेकरूंची बदली झाली तेव्हा त्यांनी जाताना आपला ससा आमच्या गळ्यात बांधला. पांढराशुभ्र, गोल. कापसाच्या गावात त्याचं नाव दुसरं काय पडणार? बोंड्या. आल्या आल्या त्याने दुकानामागच्या खोलीतला एक कोपरा स्वतःच निवडला आणि तिथेच शू करायला लागला. ससा असाच असतो. जागा तो ठरवतो, आपण फक्त भांडं ठेवायचं. मी प्लॅस्टिकचं एक पसरट घमेलं ठेवलं, तळाला वर्तमानपत्र, त्यावर वाळलेलं गवत. गवत एका बाजूला जास्त घातलं, कारण सशाला खाता खाता लेंड्या टाकायची सवय असते. फिनाइलने घासायचं नाही, वासाने तो बिथरतो. थोडा ओला कागद मुद्दाम मागे ठेवायचा, म्हणजे त्याला आपली जागा ओळखू येते. आठवडा झाला नसेल, बोंड्या घमेल्याबाहेर एक थेंब सांडेना. मी ऑफिसात त्याचं कौतुक करायचे तेव्हा लोक माझ्याकडे बघून हसायचे.

एकदा घमेल्यातला कागद लालभडक दिसला आणि मी मामाजींना हाक मारली. मामाजींनी वाकून पाहिलं आणि हसले. "अवं, मीच त्याले बिटाच्या साली देल्या सकाळी. रगत नाई होय थे." खरंच होतं. बिटाने, काही पाल्यानेही सशाची लघवी लाल-केशरी होते. त्या दिवशी मामाजी मला घरातले सर्वांत शहाणे वाटले होते.

डाग

होळीच्या आसपासची गोष्ट. रविवारी मी मागे कपाट लावत होते, तेवढ्यात मामाजींची हाक आली. "वैशाली, पाह्य तुया सशाचे चाळे!"

गादीच्या मधोमध ओला डाग होता. मामाजी बाजूला उभे होते, धोतराचा सोगा हातात. बोंड्या गादीच्या कडेला बसून मिशा हलवत होता. आमच्या दुकानात गादीला चप्पल लागत नाही, लक्ष्मीपूजन तिच्यावर होतं. मी शरमेने अर्धी झाले. खोळ काढली, धुतली, बोंड्याला मागे नेऊन रागावले. त्याला काय कळणार? तो सरळ घमेल्यात जाऊन बसला.

मग असा डाग पुन्हा पडला. पुन्हा पडला. मोबाईलवर वाचलं की नर ससा वयात आला की आपली हद्द आखायला असं करतो. पटलं मला. मी वर्ध्याहून जाळीचा पिंजरा आणला आणि म्हटलं, मी नसेन तेव्हा याला ह्यात ठेवू.

मामाजींनी पिंजऱ्याकडे पाहून मान हलवली. "राहू दे मोकळा. बायका-लेकरं त्याले पाहाले येतात दुकानात. मुक्या जिवाले काऊन कोंडतं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा. ऑफिसात जाऊन सांगितलं, सासरे असावेत तर असे.

उन्हं तापली. संध्याकाळी मी घरी आले की बोंड्याची स्टीलची वाटी काठोकाठ भरलेली असायची आणि तो माझ्या देखत ती चाटूनपुसून संपवायचा. मी परत भरायचे, तो परत प्यायचा. मला वाटायचं, हिंगणघाटचा उन्हाळा, लागणारच तहान.

त्यानंतर तो खरोखरच घमेल्याबाहेर मुतायला लागला. घमेल्याच्या अलीकडे, फरशीवर थेंब थेंब. वाळले की त्यांची पांढरी, चुन्यासारखी खपली उरायची. घमेल्यात चढायला पाय उचलायचा आणि मध्येच थांबायचा. मामाजी म्हणाले, "आता तरी पटलं? त्याची सवयच बिघडली." मला पटलं.

पांढरी पिशवी

एका रविवारी त्याला अंघोळ घालायला म्हणून उलटा धरला. मागचे पाय ओले, केस गळलेले, आतली कातडी सोललेल्या टमाट्यासारखी. तो शेपूट वर करून जोर करत होता आणि काही येत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा ती करकर ऐकली.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे हात टेकले. "मॅडम, गाय-बैल असते तं मीच पाह्यलं असतं. सशाले नागपूरले घेऊन जा. आजच जा."

मी आणि बोंड्या निघालो. प्रशांत दुकानात, कारण लग्नसराई. नागपूरच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलणं तुटक. त्यांनी एक्स-रे काढून उजेडावर धरला. बोंड्याच्या पोटात एक पांढराफेक गोळा दिसत होता, हाडांपेक्षाही पांढरा.

"ही लघवीची पिशवी आहे," त्या म्हणाल्या. "ती अशी दिसायला नको."

"दगड आहे का?"

"दगड नाही, गाळ आहे. घट्ट गाळ. सशाचं शरीर खाण्यातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीतून टाकतं. पाणी भरपूर असलं की वाहून जातं. नसलं की तळाशी बसतं. खायला काय देता?"

मी सांगितलं. गवत, थोडा लसूणघास, कोथिंबीर. लसूणघासात कॅल्शियम फार, तो बंद करा म्हणाल्या. मग विचारलं, "पाणी किती पितो?"

"भरपूर. संध्याकाळी दोन-दोन वाट्या संपवतो."

"आणि दिवसा?"

दिवसा मी नसते. मी बाहेर येऊन प्रशांतला फोन लावला. दिवसा बोंड्या किती पाणी पितो, ते विचारलं. 

"दिवसा बाबा वाटी उचलून ठेवते," तो म्हणाला.

"काऊन?"

"गादीवर मुतते म्हणून. पाणीच नाई पेला तं मुतन कुठून, असं म्हणे थे. तू घरी याच्या आधी भरून ठेवते परत."

"अन् तू पाहत होता?"

"मले वाटलं, एवढ्यानं काय होते."

बाहेर नागपूरचं ऊन नुसतं भाजत होतं. मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती. त्याला तर सगळा उन्हाळा असाच काढावा लागला होता, आणि संध्याकाळी भरलेली वाटी बघून मी त्याचं पिणं मजेने बघत बसायचे.

दवाखाना

भूल देऊन त्याची पिशवी धुतली. निघालेला गाळ डॉक्टरांनी मला दाखवला. पानवाल्याच्या डबीतल्या ओल्या चुन्यासारखा. एवढाले गोळे त्या इवल्याशा शरीरात. त्याला ठेवून घेतलं. सलाइन लावलं, दुखणं मारायची औषधं दिली.

दवाखान्यातला दिवस कसा जातो ते कुणीतरी लिहायला हवं. भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या मध्ये ससा. पट्टेवाल्या कुत्र्याची मालकीण मला म्हणाली, "एवढंसं जनावर, एवढा खर्च कशाला? दुसरा आणा ना." मी तिला म्हटलं, तुमचा कुत्राही आणू या का दुसरा? मग तिने जागा बदलली. मला वाईट वाटलं नाही. एक गोष्ट मात्र चांगली झाली. तिथल्या आयाने माझी ओढणी त्याच्या पिंजऱ्यावर घालू दिली, म्हणजे त्याला कुत्री दिसायची नाहीत. तेवढ्याने तो कान खाली करून झोपला.

पण पिंजऱ्यात तो लघवी करेना. धरून ठेवायचा. डॉक्टर म्हणाल्या, "घरचं त्याचं भांडं घेऊन या. धुऊ नका, तसंच आणा."

मी हिंगणघाटची बस पकडली.

गादी

भरदुपारी दुकानात शिरले तर गिऱ्हाईक नव्हतं. मामाजी जेवायला वर गेले होते. प्रशांत मीटरपट्टी हातात घेऊन उभा होता. गादीच्या मधोमध, जिथे मामाजी बसतात बरोबर तिथे, ओला डाग होता.

बोंड्या नागपुरात होता.

मी वाकून हात लावला. मग मला फरशीवरची ती पांढरी खपली आठवली. सशाची लघवी वाळली की ती राहतेच, घासूनही जात नाही. इतक्या वेळा मी खोळ धुतली, तिच्यावर खपली कधीच नव्हती. डोळ्यांसमोर होतं आणि मी पाहिलं नव्हतं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"वैशू, हळू बोल."

"तुले माहीत होतं?"

प्रशांत मीटरपट्टीकडे बघत राहिला. "दिवाळीपासून मले वाटून राह्यलं होतं. त्याइचं धोतर ओलं दिसलं दोनदा. पण विचारू कसा? बाप हाय."

म्हणजे बापाची लाज राखायला ससा पुरला. आणि तो पिंजरा! मुक्या जिवाले काऊन कोंडतं म्हणे. कोंडलेल्या सशावर आळ घेता येत नाही, म्हणून तो मोकळा हवा होता. आणि आळ खरा दिसावा म्हणून वाटी उचलायची. मी त्या माणसाचे गोडवे गात फिरले होते.

वर जिन्यात मामाजींच्या हात धुण्याचा आवाज येत होता. मी वर गेले नाही. हा काही माझा मोठेपणा नव्हता. परतीची बस धरायची होती. घमेलं पिशवीत घातलं आणि निघाले.

दवाखान्यात घमेलं पिंजऱ्यात ठेवलं तेव्हा बोंड्याच्या पायाला नळी लावलेली होती. उभं राहायला ताकद नव्हती. त्याने वास घेतला, पुढचे पाय काठावर टाकले, मागचा भाग ओढत ओढत आत घेतला आणि आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात पाठ लावून बसला. शेपूट वर केली. चार थेंब पडले. घमेल्यात.

"किती शिस्तीचा आहे हो हा!" डॉक्टर म्हणाल्या.

मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. या जिवाची सवय कधीच बिघडली नव्हती.

घरी

त्याला घरी आणलं. सिरिंजने पाणी, सिरिंजने भिजवलेलं खाणं, दिवसातून दोनदा कोमट पाण्याने मागचा भाग धुवून मऊ फडक्याने टिपायचा. तो आधी झटापट करायचा, मग दमून माझ्या मनगटावर हनुवटी टेकवायचा. पहिल्या नीट गोल लेंड्या दिसल्या तेव्हा मी ऑफिसात फोन करून सांगितलं. आजारी सशाच्या घरात लेंड्या बघून माणसं पेढे वाटायला निघतात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पाणी मी आता वाटीत, ताटलीत, कपात, चार ठिकाणी ठेवत होते.

मामाजी त्या खोलीत आले नाहीत. एका सकाळी उंबऱ्यावर कोथिंबिरीची जुडी दिसली, देठं धुतलेली. मी ती फेकणार होते. बोंड्याने मान लांबवली म्हणून दिली. त्याने सगळी खाल्ली. कुणाची आहे हे त्याला कुठे ठाऊक होतं?

नंतर त्याची लघवी पुन्हा तुंबली. पुन्हा नागपूर. या वेळी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरलाच नाही. किडन्या गेल्या होत्या, त्या म्हणाल्या. अजून काही करता येईल, पण ते तुमच्यासाठी असेल, त्याच्यासाठी नाही. त्यांनी शेवटची सुई दिली तेव्हा त्याचं डोकं माझ्या तळव्यात होतं. करकर चालू होती. मग थांबली.

वणा नदीच्या काठावर मी आणि प्रशांतने त्याला पुरलं. प्रशांत रडत होता. मी त्याला जवळ घेतलं नाही.

बस्ता

पुढे काही दिवसांनी, रविवारीच, समुद्रपूरकडचं एक कुटुंब लग्नाचा बस्ता घ्यायला आलं. दुकान भरलेलं. मी नवरीच्या आईला लुगडी उलगडून दाखवत होते. मामाजी शालू काढायला गादीवरून उठले आणि नवरीची मावशी दचकून मागे सरकली.

"अवं माय, हे ओलं काऊन हाय इथं?"

मामाजींनी क्षणभरही वेळ लावला नाही. तोंडाला सवयच झाली होती. "ससा हाय ना घरात. सुनेनं पाळला. थोच मुतते."

मी हातातलं लुगडं खाली ठेवलं. "ससा मेला, मामाजी."

 मावशीने मामाजींकडे पाहिलं.

"कवाच मेला," मी म्हटलं. "तुमाले माहीत हाय."

मामाजी परत त्या डागावरच बसले. झाकायला. मावशीने पदर गोळा केला, नवरीच्या आईने उगाच एका काठावर बोट फिरवलं. त्यांनी नवरीचा शालू तेवढा घेतला, बाकीचं नंतर पाहू म्हणाले, आणि गेले. आले नाहीत.

वर गेल्यावर प्रशांत ओरडला. "चार लोकाईत म्हाताऱ्या माणसाची अशी इज्जत काढतं तू?"

मी म्हटलं, चार लोकांत सशाचं नाव तुझ्या बापाने घेतलं. मेल्यावरही सोडलं नाही. मला त्या दिवसाचा पस्तावा नाही. माणसं म्हणतात, कालांतराने होईल. बघू.

पाणी

प्रशांतने शेवटी त्यांना डॉक्टरकडे नेलं. प्रोस्टेटची गाठ, वयाची. साधी. रोजची एक गोळी, आणि वेळच्या वेळी लघवीला जायचं. एवढंच. हा माणूस होळीच्या आधीच एकदा दवाखान्यात गेला असता, तर आमच्या घरात आज ससा उड्या मारत असता. वाटी उचलायला त्याला लाज वाटली नाही, डॉक्टरला सांगायला वाटली.

आता पुढचं. लाजेची तऱ्हा अशी की गोळ्या सुरू झाल्या तरी मामाजी दुकानात उतरेनात, आणि त्यांनी पाणीच सोडलं. जेवताना ग्लास पालथा. चहा अर्धा. विचारलं की म्हणायचे, तहान नाई. ओठ फुटले, बोलताना जीभ अडखळायला लागली. डॉक्टरांनी तर बजावलं होतं की पाणी कमी पडलं तर लघवी तुंबेल, जळजळेल. प्रशांत त्यांना समजावायचा आणि ग्लास ठेवून निघून जायचा. ग्लास तसाच.

कोरड्या पोटात काय साचतं ते मी एक्स-रेवर पाहिलेलं आहे. म्हणून मी ऑफिसला जायच्या आधी त्यांच्यासमोर बसायला लागले. प्रेमाने नाही. त्यांच्याकडे बघितलं की अजूनही माझ्या मुठी वळतात.

"पाणी प्या."

"मंग पितो."

"मंग नाई. माह्यासमोर प्या. मी बसली हाय."

"काऊन छळून राह्यली मले?"

"प्या."

ते प्यायचे. अर्धा ग्लास, माझ्याकडे न बघता. संध्याकाळी परत तेच. ससा पाळणाऱ्यांना मी सांगेन ते तेवढंच आहे. जागा सोडून मुतला तर आधी दवाखाना, शिक्षा कधीच नाही, आणि त्याच्या पाण्याची वाटी कधी उचलू नका. घरातल्या म्हाताऱ्यांबद्दल मला काही सांगायचं नाही, मी त्यातली जाणती नाही.

परवा सकाळी मी ग्लास पुढे केला. मामाजींनी तो घेतला, पण तोंडाला लावला नाही. खाली मागच्या खोलीकडे उतरणाऱ्या जिन्याकडे बघत राहिले. त्या खोलीतला कोपरा रिकामा आहे. घमेलं मी टाकून दिलं, वाटी तेवढी तिथे आहे. कुणी उचलली नाही.

"वैशाली," ते म्हणाले, "मी वाटी उचलो, तवा थो माह्या मांगं मांगं ये. दारापर्यंत. मले वाटे, खेळून राह्यला."

त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला.

"त्याले तहान लागे काय वं?"

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर नाही म्हणाली असती. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी.

"लागे," मी म्हटलं. "दिवसभर लागे."

मामाजींनी मान खाली घातली आणि ग्लास एका दमात रिकामा केला. मी परत भरला.